मन आणि प्रार्थना – लेखांक ६ : हा विचार आला कुठून?

गेल्या आठवड्यात आपण एलिया संदेष्ट्याजवळ थांबलो होतो. थकून मरण मागणाऱ्या त्या माणसाला देवाने आधी झोपू दिले, भाकरी दिली आणि मग तो इथवर का आला हे विचारले. त्या विचारण्यात आरोप नव्हता. असे आपण स्वतःला विचारू शकतो का? आज त्यासाठी स्पेनमधल्या मनरेसा गावी जाऊ. साल १५२२.

इग्नेशियस लोयोला तेव्हा तिशीत होते. आदल्या वर्षी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि हा दरबारी योद्धा देवाच्या वाटेला लागला. मॉन्सेराटच्या मठात त्यांनी आयुष्यभराची पापे लिहून काढून निवेदन केली. त्याला तीन दिवस लागले. तरी मनरेसात टोचणी सुरू झालीच. एखादे पाप सांगायचे राहिले असेल, एखादे नीट सांगितले नसेल. पुन्हा पापनिवेदन, पुन्हा तीच शंका. धर्मगुरूंनी सांगितले, अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगा. सल्ला शहाणपणाचा होता, पण फुकट गेला, कारण इग्नेशियसना सगळेच स्पष्ट वाटत होते! रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना चाले. खोलीतल्या मोठ्या भगदाडातून स्वतःला झोकून द्यावे, अशी उबळ येऊ लागली. मग त्यांनी आठवडाभर अन्न सोडले, आणि धर्मगुरूंना हुकूम करून तो उपास मोडायला लावावा लागला. हे सारे त्यांनी उतारवयात स्वतःच सांगितले. एका सहकाऱ्याने ते लिहून ठेवले.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेतच जुनी पापे एकामागून एक आठवू लागली आणि शेवटी या जगण्याचाच वीट आला. हे व्रत टाकून द्यावे, असे वाटले. इथे ते थबकले. आपण किती पापी, हा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला आणि पाहिले की हे विचार कोणत्या वाटेने आले आणि आपल्याला कुठे नेत आहेत. ज्यांचा शेवट देवाची वाट सोडण्यात होतो, ते देवाकडून आलेले कसे असतील? जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत, असे त्यांनी ठरवले. ती छळणूक थांबली.

ख्रिस्ती परंपरेत मनाच्या आरोग्याविषयी मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण हा आहे. स्वतःवर आसूड ओढणाऱ्या माणसाला वाटते की तो स्वतःकडे फार बारकाईने पाहतो आहे. खरे तर त्याने निकाल आधीच दिलेला असतो, त्यामुळे पाहणे होतच नाही.

इग्नेशियसनी पुढे 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ रचला. १५४८ साली पोपनी त्याला मान्यता दिली. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली पायरी आभाराची. दुसरी, नीट दिसावे म्हणून प्रकाश मागण्याची. मग दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. चुकांकडे वळण्याआधी माणसाने दिवसभरात काय मिळाले ते पाहावे, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचेच सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, आणि 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्सही इग्नेशियसनी स्थापलेल्या येशूसंघाचेच. म्हणजे ही शिस्त आपल्या किनाऱ्यालाही जुनी आहे.

घरात हे कसे करायचे? समजा, एक आई संध्याकाळी मुलावर ओरडली. रोजरी आटोपल्यावर 'मी वाईट आई आहे' एवढेच तिच्या मनात घुमते. त्या वाक्यातून उद्यासाठी तिच्या हाती काहीच लागत नाही. तिने असे विचारावे: तेव्हा किती वाजले होते? मी दुपारी जेवले होते का? कशाची भीती वाटली म्हणून आवाज चढला? उत्तरात कदाचित सासूबाईंच्या आजारपणाची काळजी निघेल, कदाचित निव्वळ थकवा. मुलाची क्षमा तरीही मागायचीच. पाप झाकायला मी सांगत नाही. पश्चात्ताप कशाचा करायचा हे कळायलाच नीट पाहावे लागते.

एक धोका मात्र आहे. काही जणांत ही शंकेखोर टोचणी म्हणजे मंत्रचळेपणाचा आजार असतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. अशा माणसाच्या हाती आत्मपरीक्षण दिले तर तो दिवसातून वीस वेळा तेच करत बसेल. त्याला आणखी तपासणी नको असते. शंका तशीच राहू देऊन पुन्हा पापनिवेदनाला न धावण्याचा सराव त्याला उपचारात हळूहळू शिकवला जातो, गरज असेल तर औषधांची जोडही मिळते. अशा वेळी एकाच धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमी श्रद्धा दिसते असे मानू नये. जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका; सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

पुढच्या आठवड्यात एरफुर्टच्या मठात जाऊ. तिथे तासन्‌तास पापनिवेदन करणारा तरुण मार्टिन लूथर आहे, आणि त्याचे ऐकून घेणारे गुरू श्टाउपिट्झ.