बीजात हात घालण्यापूर्वी

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील शेनझेन येथील शास्त्रज्ञ डॉ. हे जियानकुई यांच्या एका घोषणेने वैद्यकविश्व हादरले. प्रयोगशाळेत फलित केलेल्या बीजातील सीसीआर-५ या जनुकात फेरफार करून जुळ्या मुलींचा जन्म घडविल्याचे त्यांनी जाहीर केले. पित्यास एचआयव्हीची लागण होती. मुलींना ती कधीही होऊ नये, हा हेतू सांगण्यात आला. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांना तीन वर्षांचा कारावास व तीस लाख युआन दंड ठोठावला. हेतू रोगप्रतिबंधाचा आणि फळ कारावासाचे, असे का व्हावे? आयुर्वेदाच्या उपासकांनीही या प्रश्नाचा विचार करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

बीजदोषाची कल्पना आपणांस नवी नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव असा सूक्ष्म भेद करून त्यांच्या दुष्टीने अपत्यात विकृती येते, असे प्रतिपादिले. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितदोषजन्य व्याधींना ‘आदिबलप्रवृत्त’ म्हटले. सहज प्रमेह बीजदोषामुळे असाध्य मानला गेला. बीजभागावयव म्हणजेच आजचे जनुक, असे समीकरण मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. परंतु काही व्याधी जन्माबरोबरच येतात, ही जाण आपल्या परंपरेत होती, हे निःसंशय.

अशा व्याधींवर आता उपाय दिसू लागला आहे. २०१२ मध्ये पुढे आलेल्या क्रिस्पर तंत्राबद्दल एमान्युएल शार्पंतिये व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सिकलसेलवरील क्रिस्पर-आधारित उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा शरीरात सोडतात. विदर्भात वा नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, ते वैद्य या उपचाराचे स्वागतच करतील. मात्र अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरविण्यात आली. हे औषध गरिबाच्या दारी कसे पोहोचणार, हाही नीतीचाच प्रश्न आहे.

या उपचारात रुग्ण समोर असतो. तो, किंवा बालक असल्यास त्याचे पालक, संमती देतात आणि केलेला बदल त्या शरीराबरोबरच संपतो. शेनझेनमध्ये मात्र रुग्णच नव्हता. पित्याच्या शुक्रावर प्रक्रिया करून अपत्यास संसर्गापासून वाचविण्याची पद्धत आधीच उपलब्ध होती. जनुकात झालेले बदल निसर्गात आढळणाऱ्या ज्ञात बदलाशी तंतोतंत जुळत नव्हते, आणि बीजातील बदल पुढील पिढ्यांतही उतरू शकतो. त्या पिढ्यांची संमती कोण घेणार? जेथे रुग्ण नाही, तेथे चिकित्सा कोणाची? भारतातही २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी जननपेशींवरील जनुकोपचारास मनाई केली आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. ‘हमखास पुत्रप्राप्ती’, ‘गोरे व तेजस्वी अपत्य’ अशी आश्वासने आयुर्वेदाच्या नावावर आजही विकली जातात. संहितांत पुंसवनविधी आहे, हे खरे. परंतु तो आधार घेऊन कायद्यातून सुटका होत नाही. १९९४ च्या प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्यातील २००३ च्या सुधारणेनंतर, विशिष्ट लिंगाचे अपत्य व्हावे वा तशी शक्यता वाढावी म्हणून काहीही देणे अथवा लिहून देणे लिंगनिवडच ठरते. तो चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्यापुरता नाही; औषध देणाऱ्यालाही लागू आहे. असे औषध गुणकारी नसेल, तर ती फसवणूक. गुणकारी असते, तर तो शेनझेनचाच अपराध ठरला असता. दोहोंच्या मुळाशी अपत्य मागणीनुसार घडविण्याची वासनाच आहे.

स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण व आतुराचे विकारप्रशमन, हे आयुर्वेदाचे प्रयोजन. माता-पित्यांची शुद्धी, योग्य आहारविहार व गर्भिणी परिचर्या यांनी बीजास अनुकूल क्षेत्र लाभावे, एवढेच त्यात बसते. अपत्याचा नमुना ठरविणे बसत नाही. व्यवसायबंधूंनी आनुवंशिक व्याधी असलेल्या कुटुंबांना विवाहापूर्वी रक्ततपासणीचा व तज्ज्ञांच्या समुपदेशनाचा सल्ला द्यावा. औषधालयांच्या चालकांनी आपल्या फळीवरील वेष्टने एकदा वाचून पाहावीत आणि असा दावा करणारी औषधे आजच काढून टाकावीत. बीजात हात घालणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस त्यानंतरच प्राप्त होईल.