'लव्ह यू टू' : पुढे ढकलून द्यायचं गाणं नव्हे

आज आम्हाला एका तीन मिनिटांच्या गाण्याची बाजू घ्यायची आहे. बँड बीटल्स, अल्बम 'रिव्हॉल्व्हर', ५ ऑगस्ट १९६६ रोजी आलेला. गाणं जॉर्ज हॅरिसनचं, 'लव्ह यू टू'. ब्राह्मणपुरीत बसून लिव्हरपूलच्या पोरांचं हे काय काढलंय, असं कोणाच्या मनात आलं असेल तर प्रश्न रास्त आहे. या गाण्याचा निवाडा आजवर बहुतेक गिटारवर वाढलेल्या कानांनी केला. आपल्याकडे भजनाला बसणारा माणूस तबला कुठे बोलतो आणि कुठे नुसता वाजतो, हे चटकन सांगतो. या गाण्याला तोच कान लागतो, म्हणून ते इथे आणलं.

आधी त्याची जागा बघा. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला 'टॅक्समन', 'एलिनॉर रिग्बी', 'आय'म ओन्ली स्लीपिंग' आणि मग चौथं हे. लगेच पुढे पॉल मॅकार्टनीचं 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर', म्हणजे लोणी. अशा दोन गाण्यांच्या मध्ये सतार झणझणली की लोक सुई उचलून पुढे ठेवायचे, आता बोटाने पुढे ढकलतात. ज्यांना हॅरिसनची भारतीय वळणाची गाणी आवडतात तेही पुढच्या वर्षीच्या 'सार्जंट पेपर'मधल्या 'विदिन यू विदाउट यू'चं नाव घेतात. 'लव्ह यू टू' म्हणजे तिकडे जाताना लागणारा थांबा, इतकीच त्याची किंमत. आम्हाला हे पटत नाही.

पहिला आक्षेप नेहमीचा: ही परदेशी नटवेगिरी आहे, सतार शोभेला लावली. तुलना करून बघू. १९६५च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये हॅरिसनने सतार वाजवली आहे. गोड आहे, पण ती चाल गिटारवरही वाजली असती. सतार काढा, गाणं उभंच राहतं. 'लव्ह यू टू'मधून सतार, तबला आणि तंबोऱ्याचा षड्ज काढून बघा. काय उरतं? गाणाऱ्याचा आवाज, थोडी फझ लावलेली इलेक्ट्रिक गिटार आणि रिंगोची खंजिरी. गाणं उरत नाही.

(इथे गाण्याचा सुरुवातीचा भाग ऐकवण्यात आला.)

ऐकलंत? तारांवरून हात फिरवल्यासारखा झणत्कार, मग तालाशिवाय, चाचपडत चाललेले सूर. हा आलाप आहे, अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा. कोमल गंधार, कोमल निषाद, म्हणजे काफी थाटाचे सूर. मग सतार लय धरते, तबला येतो, बंदिशीसारखा एक तुकडा फिरून फिरून येतो आणि शेवटी लय चढते. आलाप, गत, द्रुत. आपल्या मैफलीत तास-दीड तास चालणारा हा क्रम त्याने तीन मिनिटांच्या पॉप गाण्यात बसवला. बीटल्सच्या रेकॉर्डवर असं याआधी झालेलं नव्हतं. आणि महत्त्वाचं म्हणजे रेकॉर्डिंग ११ एप्रिल १९६६चं. हॅरिसनची रविशंकरांशी भेट झाली त्याच वर्षी जूनमध्ये. मुंबईला येऊन तो सतार शिकायला बसला सप्टेंबरात. म्हणजे हे गाणं तालमीनंतरचं नाही. गुरू भेटण्याआधी, नुसतं ऐकून ऐकून ही रचना त्याच्या डोक्यात बसली होती. आम्हाला तरी यात नट दिसत नाही, विद्यार्थी दिसतो.

आता तबल्याकडे येऊ. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, १९४६ साली अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी काढलेली. रेकॉर्डिंगच्या दिवशी अंगडींनी अनिल भागवत नावाच्या तबलजींना फोन केला, की संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्ज म्हणून एकाबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज, ते सांगितलं नाही! न्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा भागवतांना उलगडा झाला. ही हकिकत त्यांनीच पुढे सांगितलेली आहे. हॅरिसनने त्यांच्याबरोबर बसून तबला सुरात लावून घेतला आणि रविशंकरांच्या मैफलीत असतो तसा सोळा मात्रांचा ठेका मागितला. मात्र मधलं काम भागवतांनी आपल्या मनाने करावं, हे त्याला मान्य होतं.

हे ठेवून पुन्हा ऐका. गाण्याच्या ओळी चालू असतात तेव्हा तबला मागे राहून धरून ठेवतो. ओळ संपली, सतारीला जागा मिळाली, की तो भरायला लागतो. ढोलकी-मृदंगावर हात बसलेल्याला हे शिकवावं लागत नाही, रॉकच्या ड्रमरला मात्र ही सवय वेगळी. नेमक्या या जागा गिटारच्या कानाला 'एकसुरी' वाटतात, कारण तो कान सुरावट बदलायची वाट बघत असतो आणि बदल चाललेला असतो तबल्यावर.

दोष आहेतच. हॅरिसनचं गाणं सपाट आहे, शब्द जरा कुरकुरे, जगावर चिडलेल्या तेवीस वर्षांच्या पोराचे. पॉलने वरचा सूर गायला होता, तो मिक्स करताना काढून टाकला. ठेवला असता तर बरं झालं असतं असं आमचं मत. नावही तसंच. हे तीन शब्द या क्रमाने गाण्यात कुठे येतच नाहीत, आणि कामचलाऊ नाव तर 'ग्रॅनी स्मिथ' होतं, सफरचंदाच्या जातीवरून. सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट शेवटची. लय चढते, आता तिहाई येणार, समेवर येऊन थांबणार, असं वाटतं आणि तेवढ्यात आवाजच मावळत जातो. आपल्या भजनात असं केलं तर पेटीवाला उठून जाईल.

पण एका बाबतीत हे गाणं त्याच्या थोरल्या भावापेक्षाही पुढे आहे. 'रिव्हॉल्व्हर'च्या मलपृष्ठावर छापलंय: अनिल भागवत, तबला. 'एलिनॉर रिग्बी'त आठ तंतुवादक वाजवतात, त्यांची नावं तिथे नाहीत. 'लव्ह यू टू'मधल्या बाकीच्या वादकांचीही नाहीत. सतार किती हॅरिसनची आणि किती सर्कलच्या कोणा वादकाची, यावर अजून वाद आहे. पुढच्या वर्षी 'विदिन यू विदाउट यू' गाजलं, पण त्यातल्या भारतीय वादकांपैकी एकाचंही नाव कव्हरवर आलं नाही. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, बुद्धदेव कन्सारा तंबोऱ्यावर, नटवर सोनी तबल्यावर. ही नावं जगापुढे नीट आली २०१७ साली, अल्बमला ५० वर्षं होताना. जगातल्या सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या रेकॉर्डपैकी एकीवर वाजवून ही माणसं अर्धं शतक बिननावाची राहिली. भागवत राहिले नाहीत, ते या दुर्लक्षित गाण्यामुळे.

आता पूर्ण गाणं लावतो. सतारीकडे आणि शब्दांकडे सध्या दुर्लक्ष करा, डग्ग्यावर कान ठेवा, आणि ज्यांना जमेल त्यांनी हातावर मात्रा धरा. प्रश्न त्यानंतर घेऊ.