मताचे माप एकच हवे

सन १८८८ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी एडिंबरो येथील भाषणात असे मत प्रकट केले की, काळ्या माणसास पार्लमेंटात निवडून देण्याइतका इंग्रज मतदार अद्याप पुढे गेलेला नाही. हा टोला दादाभाई नौरोजींस होता. ते १८८६ साली हॉबर्न येथे पराभूत झाले होते. या उद्गारांनी हिंदुस्थानात संताप उसळला व तो रास्तच होता. पुढे १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंस अवघ्या ५ मतांच्या आधिक्याने निवडून देऊन प्रधानसाहेबांस उत्तर दिले. मौज अशी की, १८९५ साली सॅलिस्बरीसाहेबांच्याच पक्षाने मंचेरजी भावनगरी या दुसऱ्या पारशी गृहस्थास उभे करून निवडून आणले! आपल्या बाजूचा असला म्हणजे काळा रंगही उजळतो, असाच याचा अर्थ.

ही हकीकत वाचताना आपली मान ताठ होते. परंतु तोच तराजू आपल्या दारी टांगला तर काय दिसते? रोह्यास लागून असलेले वरसे घ्या. रोहे शहर व धाटावची कारखानदारी जवळ असल्याने अशा गावी नाना जातींची व नाना ठिकाणची माणसे शेजारी राहतात. निवडणूक आली म्हणजे उमेदवाराने आजवर काय केले, हे विचारण्यापूर्वी तो 'कोणापैकी' हे विचारले जाते. ही केवळ वरशाची गोष्ट नव्हे; पेणपासून महाडापर्यंत हाच प्रकार आहे, व आम्ही शहरवासीही त्यास अपवाद नाही.

सोडत निघून सरपंचपद राखीव ठरले की आपणांस एकाएकी योग्यतेची आठवण होते. या बाईस हिशेब कळेल काय? हा गडी सहीपलीकडे काय करील? हे प्रश्न गैर आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु पद खुले होते व आपल्या भावकीतला गृहस्थ उभा होता, तेव्हा हे प्रश्न कोठे दडले होते? त्याचा हिशेब कोणी तपासला? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय घरात हसण्यावारी नेता येतो. गावाच्या कारभारात त्याची किंमत सर्वांस मोजावी लागते.

कोणी म्हणतील, आम्ही जात पाहत नाही, विद्वत्ता पाहतो. कुलाबा जिल्ह्याने १९५२ साली रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांस लोकसभेत धाडले ते काय जातीवर? फार चांगले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री यांची योग्यता कोण नाकारील? परंतु त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत, राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉक्टर आंबेडकर राखीव जागेवर पडले, व १९५४ साली भंडाऱ्यासही पडले. तेथे मत देणारे सर्व जातींचे होते. दोन्हीकडे पक्षाचे बळ काम करीत होते, हे आम्ही जाणतो. तथापि विद्वत्ता हेच आमचे माप, ही फुशारकी या निकालांपुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. दाखला हवा, नळजोड हवा, तर ओळखीच्या माणसाकडे जाता येते. म्हणून लोक आपला माणूस निवडतात. गरिबाच्या तोंडी हे बोलणे आम्हांस समजते. परंतु नगरपालिका काहींच्याच मालकीची झाली म्हणजे काय होते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी त्याचे पाणी घेताच, त्याच वर्षीच्या ऑगस्टात तो ठराव तिने रद्द केला. तो हक्क उच्च न्यायालयात शाबीत होण्यास १९३७ साल उजाडले. हक्काचे पाणी मिळण्यास जेथे ओळख लागते, तेथे ज्याची ओळख नाही तो तहानेलाच राहतो.

कायदा आपले काम करतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने जातीच्या नावे मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरविला आहे, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, मतदारांच्या जातीच्या नावे केलेले आवाहनही त्यात मोडते असा निर्णय दिला. परंतु हा कायदा मत मागणाऱ्याची जीभ आवरतो. गुप्त मतदानाच्या आडोशाला उभ्या असलेल्या मतदारास विचारणारा त्याचा त्यालाच.

आमचे व्यापारी बंधू जाणतात की, घेण्याचे माप एक व देण्याचे दुसरे ठेवणाऱ्या दुकानदाराची पेठेत काय पत राहते. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट मतदारांकडून निवडला जातो. तेव्हा जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्यास जागा नाही. पुढील निवडणुकीत तीनच प्रश्न ठरवावे: गावाचे पैसे कसे खर्चाल, पाणी कोणत्या वस्तीस आधी द्याल, ग्रामसभेत हिशेब मांडाल काय? हे प्रश्न प्रत्येक उमेदवारास विचारावे, आणि आपल्या भावकीतल्यास सर्वांत आधी.