गाडीचं नाव नको, माप सांगा!

मंडळी, सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटवाली. 'एकोणसत्तर' म्हणजे 69 की 79, हे मला अजूनही बोटं मोजून ठरवावं लागतं. त्यामुळे "मराठी विभागासाठी एक लेख दे" असं सांगितल्यावर मला व्हायवाच्या आधी फुटतो तसा घाम फुटला. पण 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी जे शिकले, ते इंग्रजीत सांगताच येणार नाही. कारण ते शिकवणाऱ्या कोणालाच इंग्रजी येत नव्हतं. चुका असतील त्या पोटात घाला.

आमच्या आजोबांकडे 1985 ची प्रीमियर पद्मिनी आहे. कोल्हापूरच्या घरी, पत्र्याच्या शेडमध्ये. त्या काळी नंबर लावून कित्येक वर्षं वाट बघावी लागायची, म्हणून गाडी घरी आली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते म्हणे. 15 वर्षं झाल्यानंतर दर 5 वर्षांनी तिचं रजिस्ट्रेशन नवं करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी फिटनेसची तपासणी पास व्हावी लागते. या वेळची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती. फी 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाली होती, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी ती थेट 10,000 झाली. बाबा म्हणाले, "एवढे पैसे भरून ब्रेकमध्ये नापास होणार असेल, तर सरळ स्क्रॅपला देऊ." आजोबा काहीच बोलले नाहीत. ते काही बोलत नाहीत तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

आणि ब्रेकचं खरंच बिघडलं होतं. पॅडल दाबलं की खाली खाली जायचं, मागच्या उजव्या चाकाच्या आतून तेल पाझरायचं. आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट आहे. म्हणजे एका चाकाला गळती झाली की चारही ब्रेक गेले. मी मेकॅनिकलची. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आजोबा, मी आणते पार्ट."

कुठलं मॉडेल?

हायवेवरच्या एका चकाचक दुकानात गेले. एसी, काचेचं काउंटर, कॉम्प्युटर. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "कंपनी? मॉडेल? बीएस-फोर की बीएस-सिक्स?" मी म्हटलं, "पद्मिनी." त्याने कॉम्प्युटरची यादी वरून खाली आणि खालून वर फिरवली. "मॅडम, अशी कुठली गाडीच नाहीये."

त्याची काही चूक नाही. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने ती 1964 पासून बनवायला घेतली, 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं आणि नवं शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवलेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तीही बंद झाली. हजारो टॅक्स्या होत्या तोवर पार्टला गिऱ्हाईक होतं. टॅक्स्या गेल्या, गिऱ्हाईक गेलं, दुकानदाराने कप्पा रिकामा केला. बरं, 'व्हिंटेज' म्हणून मिरवायचं म्हटलं तर 2021 च्या नियमाप्रमाणे गाडी 50 वर्षांच्या पुढची लागते. आमची त्यातही बसत नाही. थोडक्यात काय, ना तरुण ना पुराणवस्तू.

तोंड पाडून गावातल्या एका जुन्या दुकानात गेले. तिथले काका चहा पीत होते. मी पुन्हा 'पद्मिनी, पद्मिनी' सुरू केल्यावर म्हणाले, "पोरी, गाडीचं नाव कशाला सांगतीस? माप घेऊन ये की. पाऊण इंची आहे का सात सुती?"

पाऊण? सूत? मी आपली मान डोलावली आणि घरी येऊन आजोबांना विचारलं. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश (मला ते पाव वाटत होतं!) आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे पाऊण इंच बरोबर सहा सूत. चार सेमिस्टर झाली आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी मरते, माप मरत नाही

काकांच्या त्या एका वाक्यात सगळं आलं. गाडीतल्या पुष्कळशा वस्तू त्या गाडीच्या नसतातच. त्या सगळ्या जगाच्या असतात. कंपनी बंद पडली तरी त्यांचं माप चालू राहतं. म्हणून जुन्या गाडीच्या पार्टचे मी तीन गट करते.

पहिला गट, बिनगाडीचे पार्ट. उदाहरणार्थ बेअरिंग. त्याच्या कडेवर नंबर असतो. समजा 6204. यातला 6 म्हणजे साधं बॉल बेअरिंग, 2 ही मापाची मालिका आणि शेवटच्या 04 ला पाचाने गुणा, 20. म्हणजे शाफ्ट 20 मि.मी.चा. (04 पासून पुढे हा हिशेब चालतो. 00, 01, 02, 03 म्हणजे अनुक्रमे 10, 12, 15, 17.) हा नंबर कोल्हापुरात सांगा नाहीतर जर्मनीत, तीच वस्तू मिळणार. ऑइल सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. फॅन बेल्टवर रुंदी आणि लांबी असते. बेल्ट तुटून हरवला असेल तर पुलींभोवती दोरी गुंडाळून मोजा. 7 इंची गोल हेडलाइट जीपला, बुलेटलाही चालत आलाय, त्यामुळे तो सहज मिळतो. ही सगळी खरेदी त्या एसीवाल्या दुकानातही होते. फक्त गाडीचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की मुलगा कॉम्प्युटरकडे बघतो, नंबर सांगितला की कपाटाकडे जातो.

दुसरा गट, फक्त त्याच गाडीचे पार्ट. दाराचं हँडल, काच, गिअर, मीटर. इथे माप कामाचं नाही. जुना स्टॉक असलेली दुकानं, भंगारवाले, पुण्याचा जुना बाजार नाहीतर कुर्ल्याचं भंगार मार्केट. चिकाटी पाहिजे आणि जुना पार्ट हातात पाहिजे.

तिसरा गट, करून घ्यायचे पार्ट. ब्रेक शूवर नवं लायनिंग बसवून मिळतं, रेडिएटरला नवी जाळी बसते, गॅस्केट कापून मिळतं. आणि ज्याच्या गावात उद्यमनगर आहे त्याने तर काळजीच करू नये. आमच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काय होत नाही ते विचारा.

बसतंय म्हणजे चालतंय असं नाही

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. लास्ट बेंचवाल्यांनीही वाचा.

मी व्हर्नियर घेऊन ब्रेकच्या सिलिंडरचं आतलं माप घेतलं. 19.06 आलं. (लीस्ट काउंट 0.02, सर, लक्षात आहे!) पाऊण इंच म्हणजे 19.05. फियाटची गाडी, सगळे नटबोल्ट मि.मी.चे, पण ब्रेकचं सिलिंडर इंचात! काही जण फियाट म्हणून 19 किंवा 20 चा रबरी कप मागत बसतात. कप मोठा झाला तर आत अडकतो, लहान झाला तर गळतो.

शोधताना आणखी एक दुकान लागलं. तिथे म्हणाले, "सात सुती अख्खं सिलिंडर आहे, बोल्ट जुळतात, बसेल." स्वस्त होतं, नवं होतं. मोह झाला. पण घरी वहीत पास्कलचा नियम मांडला. दाब तोच, तर जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात. सात सूत आणि सहा सूत यांच्या वर्गांचं गुणोत्तर 49 भागिले 36, म्हणजे साधारण 1.36. मागच्या चाकावर 36 टक्के जास्त ब्रेक! आणि तोही एकाच बाजूला. पावसात जोरात ब्रेक दाबला असता तर मागचं चाक लॉक होऊन गाडी फिरली असती, आणि आत 78 वर्षांचे आजोबा. पेपरात हेच गणित 4 मार्कांना येतं आणि आपण ते ऑप्शनला टाकतो. असो.

असेच आणखी काही सापळे:

1. आटे. आठ मि.मी.चा बोल्ट आणि अडीच सुताचा बोल्ट (7.94 मि.मी.) डोळ्यांना सारखेच दिसतात. पण पहिल्याच्या दोन आट्यांतलं अंतर 1.25 मि.मी., तर इंचवाल्या बारीक आट्याचं साधारण 1.06. नट दोन फेरे गोडीत चढतो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की आटे गेले. फियाट मि.मी.ची, पण ॲम्बॅसडर मूळची इंग्लंडची आणि जीप अमेरिकेची. या दोघींकडे इंचाचे बोल्ट निघतात. हाताने शेवटपर्यंत फिरला तरच तो नट आपला.

2. स्पार्क प्लग. 14 मि.मी.चे आटे पुष्कळ प्लगना असतात, पण आट्यांची लांबी वेगळी असते, 12.7 किंवा 19 मि.मी. लांब प्लग आखूड जागी बसवला तर पिस्टनवर आदळू शकतो. जुना आणि नवा प्लग शेजारी ठेवून बघा.

3. रबर. 'जुनं ते सोनं' ही म्हण रबराला लागू नाही. तीस वर्षं डब्यात पडलेला 'ओरिजिनल' कप कडक होतो, त्याला चिरा पडतात. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या पेट्रोल पाइपला आणि पंपाच्या पडद्याला खातं. इथे नव्या दुकानातला, इथेनॉलला टिकणारा पाइपच घ्यावा. म्हणजे जुन्या गाडीला नवं दुकान लागतंच.

4. ब्रेक ऑइल. डॉट-3 कुठेही मिळतं. पण त्याऐवजी इंजिन ऑइल टाकणं किंवा कप रॉकेल-पेट्रोलने धुणं म्हणजे रबर फुगवणं. कप ब्रेक ऑइलनेच धुवा.

मग पुढे काय झालं?

काकांकडे सहा सुती कप मिळाले, तेही ताजे. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. कॅन्टीनच्या एका वड्यापावाच्या पार्टीपेक्षा कमी. पण खरी गोम पुढेच होती. सिलिंडर पुसून उजेडात धरलं तर आत गंजाचे बारीक खड्डे. अशा भिंतीवर नवा कपही चार दिवसांत फाटतो. घासून खड्डे काढावेत तर माप वाढतं. मग उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी सिलिंडर मोठं करून आत पितळेची स्लीव्ह ठोकली आणि ती पुन्हा पाऊण इंचाला आणली. मी व्हर्नियर लावला, 19.06. मामा हसून म्हणाले, "आमचा हात बी मोजायला आणलास व्हय?"

रविवारी आजोबांनी पॅडल दाबलं. वरच थांबलं, दगडासारखं. अर्धा तास दाबून ठेवून आम्ही चाकाखाली वर्तमानपत्र अंथरून बघत बसलो. कागद कोरडा. मग रिकाम्या मैदानात दहाच्या स्पीडने, मग वीसच्या, मग तीसच्या. गाडी सरळ रेषेत थांबत होती. तपासणीला बाबा बरोबर आले होते. गाडी पास झाली, तेव्हा पैसे भरायला खिशात हात त्यांनीच घातला. आता 2030 पर्यंत निवांत.

आजोबा तरीही फारसं काही बोलले नाहीत. फक्त परत येताना मधेच गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. स्टिअरिंगवरचा गिअर टाकायला मला तीन प्रयत्न लागले, ही गोष्ट वेगळी.

तर मंडळी, ही युक्ती काही फक्त पद्मिनीची नाही. होस्टेलच्या पाण्याच्या मोटरचं बेअरिंग, मेसच्या मिक्सरचा बेल्ट, कुणाच्या काकांची पडून असलेली लूना, सगळीकडे चालते. दुकानात जाताना एवढं करा. जुना पार्ट पुसून खिशात टाका, त्यावरचा नंबर वहीत लिहा, नंबर नसेल तर व्हर्नियरने माप घ्या (वर्कशॉपच्या सरांना विचारून न्या, परत आणून द्या!), आणि ज्या वस्तूवर जीव अवलंबून आहे तिथे 'जवळपास' चालवून घेऊ नका.

आणि हो, मराठी आकडे शिकून ठेवा. निदान पाव, अर्धा, पाऊण आणि सूत तरी. त्याशिवाय डिग्री अपुरी आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल