तिसाव्या बोटीपर्यंत निरोप

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप टाकला, की तो कुणाला पोहोचला, कुणी वाचला, हे खुणांवरून कळतं. त्या खुणांमागे टॉवर आणि सर्व्हर आपापल्या जागी ठाम उभे असतात. आता समजा, टॉवर पडलाय. पुराच्या पाण्यात बचाव पथकाच्या तीस बोटी फिरताहेत आणि एकमेकांचे निरोप पुढे द्यायला त्यांच्याच रेडिओंशिवाय दुसरं काही नाही. अशा जाळ्याला अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. इथे शेजारीच सारखा बदलत असतो.

पहिल्यांदा सुचतं ते झाड: निरोप खोडातून फांद्यांकडे जावा. बोटी संथ असतील तर हे छान चालतं. वेगात असतील तर फांदी जोडेजोडेपर्यंत तुटते. मग वाटतं, ज्याने ऐकलं त्याने एकदा सगळ्यांना ओरडून सांगावं. या ओरड्याचा हिशेब तैवानच्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडला. शेजाऱ्याने निरोप पुन्हा उच्चारला, तर नव्याने व्यापला जाणारा टापू सरासरी ४१ टक्के. तोच निरोप चार वेळा कानावर आल्यानंतर आपण बोललो, तर भर पडते ५ टक्क्यांहूनही कमी. उरतो तो कल्लोळ, आणि त्यात निरोप एकमेकांवर आदळून नासतात. सगळ्यांकडून पोच मागावी, तर पोचांचाच लोंढा पाठवणाऱ्यावर कोसळतो.

मला यातला सर्वांत देखणा उपाय वाटतो तो कर्णोपकर्णी वार्तेचा. डेटाबेसच्या विखुरलेल्या प्रती जुळवायला झेरॉक्सच्या संशोधकांनी १९८७ मध्ये साथीच्या रोगाचं गणित वापरलं होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या चंद्रा, रामसुब्रमणियन आणि बर्मन यांनी २००१ मध्ये तीच युक्ती फिरत्या जाळ्यात आणली. आधी निरोप जमेल तसा पसरू द्यायचा. मग प्रत्येकाने अधूनमधून गटातल्या कुणालातरी गाठून विचारायचं, ‘माझा सतरावा निरोप हुकलाय, तुझ्याकडे आहे?’ त्यासाठी सभासदांची यादीसुद्धा लागत नाही. पुढच्याच वर्षी हास, हाल्पर्न आणि ली यांनी दाखवलं, की ऐकलेला निरोप शंभरातून साठ ते ऐंशी वेळाच पुढे दिला, तरी तो जवळपास सर्वांपर्यंत जातो.

जवळपास. पाणी किती चढलं, ही खबर अशी गेली तरी चालेल. पण ‘धरणाचे दरवाजे उघडताहेत, मागे फिरा’ हा निरोप तिसाव्या बोटीला मिळाल्याचं नक्की कळायलाच हवं. तिथे पोच मागावीच लागते; आणि ती बोट टप्प्याबाहेर असेल, तर ती पुन्हा ऐकू येईपर्यंत बाकीच्यांनी निरोप जपून ठेवावा लागतो.