त्रैराशिक जेथें चुकतें

पन्हाळ्याच्या परिसरांत मीं आयुष्यभर मुलांना गणित शिकविलें. वर्गांत एक ठेंगणा, सुस्त मुलगा होता. प्रश्न विचारला कीं नुसता पाहत राही. मीं त्याला आळशी ठरवून मागच्या बांकावर बसविलें. त्याला आजचाच विकार होता असें मी म्हणत नाहीं. पण त्याची प्रकृति तपासवून घ्यावी हें मला सुचलें नाहीं, ही खंत मनांतून जात नाहीं.

गळ्याशीं असणारी अवटु ग्रंथि, म्हणजेच थायरॉइड, कांहीं अर्भकांत जन्मतःच नसते किंवा पुरेसें काम करीत नाहीं. आपल्या देशांत सुमारें हजार जन्मांमागें असें एक मूल असतें. या ग्रंथीच्या रसावांचून पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ खुंटते, आणि तें नुकसान पुढें भरून येत नाहीं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनीं टांचेंतील रक्ताच्या थेंबांवरून विकार कळतो. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादींतही त्याचें नांव आहे. पहिल्या दोन आठवड्यांत लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलें इतरांसारखींच वाढतात.

घोटाळा होतो तो पुढें. मूल हंसतें-खेळतें, मग घरचीं माणसें म्हणतात, "गोळी चालू आहे ना? मग पुन्हा सुई कशाला?" परंतु गेल्या वर्षींच्या मापाचा सदरा यंदां होत नाहीं. बरें, वजनावर त्रैराशिक मांडावें, तर तेंही चुकतें. आरंभीं किलोमागें १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या अर्भकाला रोज ३० ते ४५ लागतात. वर्ष ओलांडतां वजन तिप्पट होतें. पण गरज किलोमागें ५-६ वर उतरते. त्रैराशिकानें नऊ किलोंना ९० च्या वर येतील. लागतात पन्नासाच्या आसपास. जादा मात्रेनें मूल चिडचिडें होतें, त्याची झोंप उडते.

खरें उत्तर रक्तांत असतें. मेंदूच्या तळाची पीयूष ग्रंथि टी.एस.एच. हा रस पाठवून अवटूला कामाची तंबी देते. औषध अपुरें पडलें कीं तंबी वाढते, पुरेसें झालें कीं उतरते. म्हणून टी.एस.एच. व टी-४ यांची तपासणी औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनीं, मग प्रमाण ताळ्यावर येईपर्यंत दर दोन आठवड्यांनीं, पहिल्या वर्षांत एक ते तीन, तीन वर्षांपर्यंत दोन ते चार, आणि पुढें वाढ पुरी होईपर्यंत तीन ते सहा महिन्यांनीं करावी. मात्रा बदलली कीं चार-सहा आठवड्यांनीं पुन्हा.

त्या दिवशीं गोळी रक्त दिल्यानंतर द्यावी. एरव्हीं ती चुरून, पाण्यांत वा आईच्या दुधांत, रोज ठराविक वेळीं द्यावी. लोह, कॅल्शियम व सोयाबीन त्याच वेळीं देऊं नये. चुकलेले दिवस वहींत लिहून डॉक्टरांना दाखवावे; नाहीं तर मात्रा कमी पडली कीं गोळीच चुकली, हें त्यांना कसें कळावें? तीन वर्षांनंतर कांहींचा विकार तात्पुरता ठरतो. पण गोळी थांबवून पाहण्याचा निर्णय डॉक्टरांचा, घरचा नव्हे.

गडावरून कोल्हापूर वीस किलोमीटर. पावसांत, धुक्यांत तान्हें मूल घेऊन ही खेप जड वाटते, हें मी जाणतों. तरी ती चुकवूं नका. कोणतेंही मूल आमच्या अज्ञानामुळें मागच्या बांकावर बसूं नये, एवढेंच मागणें आहे.