पोटातली गोष्ट कोणाला सांगावी?

लग्नमंडपाच्या दाराशी सहा-सात महिन्यांनी भेटलेली मावसबहीण आपल्याकडे पाहते आणि तिचा चेहरा उतरतो. "अगं, केवढी वाळलीस! सगळं ठीक आहे ना?" प्रश्नातली काळजी खरी असते. साठी ओलांडलेल्या माणसाचे वजन झपाट्याने उतरले की पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते, दुसरी मधुमेहाची. ती शंका कोणी बोलून दाखवत नाही, आणि म्हणूनच ती आपल्या पाठीमागे घरोघर फिरते.

ज्यांनी वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांना या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे लागते. गुडघा बदलला, मोतीबिंदू काढला, हृदयाची बायपास झाली, हे आपण चारचौघांत सहज सांगतो. भेटायला येणाऱ्यांना चहाही पाजतो. मात्र लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आवाज खाली जातो. कारण आपल्या समाजात स्थूलता हा आजार मानला जात नाही, तो स्वभावदोष मानला जातो. 'तोंडाला आवर घातला असता तर' हे वाक्य कोणी म्हणण्यापूर्वीच आपल्या कानात वाजू लागते. त्यात वय झालेले असेल तर 'आता या वयात कशाला हे थेर?' हेही ऐकावे लागते.

या दोन्ही आक्षेपांत फारसे तथ्य नाही. वजन घटू लागले की शरीर भूक वाढवते, ऊर्जेचा खर्च कमी करते आणि गमावलेले वजन परत मिळवू पाहते. केवळ निग्रहाने ही ओढाताण वर्षानुवर्षे जिंकणे फार थोड्यांना साधते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होते, म्हणून पोट लहान होते तशी भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. वयाविषयी बोलायचे तर, लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. माणूस किती वर्षांचा आहे यापेक्षा तो किती अशक्त आहे आणि त्याला कोणते इतर आजार आहेत हे पाहावे, असे त्यांत म्हटले आहे.

तरीही, आपला निर्णय योग्य होता एवढ्यावरून तो सर्वांना सांगितलाच पाहिजे असे ठरत नाही. नागपूरचे नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, २०११ साली, त्यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली आणि ती गोष्ट उघड होती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी मात्र फेब्रुवारी २०१३मध्ये दुसऱ्याच नावाने रुग्णालयात दाखल होऊन जठराभोवती पट्टा बसवून घेतला. जगाला ते मे महिन्यात कळले. दोघेही सार्वजनिक जीवनातले. आपल्यावर तर मतदारांना उत्तर देण्याचीही जबाबदारी नाही. आपल्या पोटाची गोष्ट पोटात ठेवण्याचा हक्क आपल्याला पूर्णपणे आहे.

पण हा हक्क कोठे संपतो, हे एका घरात घडलेल्या प्रसंगावरून सांगते.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका. गुडघे पार झिजलेले, मधुमेह, रात्री घोरता घोरता श्वास अडकण्याचा त्रास. बासष्टाव्या वर्षी त्यांनी बायपास करून घेतली. यजमानांना आणि मुलाला ठाऊक होते. बाकी सर्वांना 'मुलाकडे राहायला गेलो होतो' असे सांगण्यात आले. आठ महिन्यांत वजन चांगलेच उतरले. भाद्रपदात धाकट्या बहिणीकडे गणपतीला गेल्या. पानात उकडीचे मोदक, वर साजूक तुपाची धार. "ताई, तुझ्यासाठी म्हणून हाताने वळलेत, दोन तरी घेच." नाही कसे म्हणणार? कारण सांगायचे तर सारेच सांगावे लागले असते. त्यांनी दोन मोदक खाल्ले.

वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळा येऊ लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्यांना वाटले हृदयविकाराचा झटका. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली आहे?" खाटेभोवती सात-आठ नातेवाईक उभे. यजमानांनी पत्नीकडे पाहिले, पत्नीने नजर वळवली, आणि ते म्हणाले, "नाही."

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचे व्रण लहान असतात. घाईगर्दीत ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. ईसीजी निघाला, रक्त तपासायला गेले, मोठ्या शहरातील हृदयरुग्णालयात हलवण्याची भाषा सुरू झाली. तासाभराने त्रास आपोआप ओसरू लागला तेव्हा कोठे यजमानांनी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून खरे ते सांगितले. डॉक्टरांनी सर्वांना खोलीबाहेर काढले, दार लोटून घेतले आणि बाईंनाच सगळे पुन्हा विचारले. खरे तर असे प्रश्न आरंभीच एकांतात विचारायला हवेत. आपल्याकडे रुग्णाच्या खाटेभोवतीची गर्दी हटवणे किती अवघड असते हे वाचकांना ठाऊक आहेच.

बाईंना जे झाले त्याला 'डंपिंग' म्हणतात. बायपासनंतर गोड पदार्थ जठरात न रेंगाळता एकदम आतड्यात उतरतो आणि शरीर असा गोंधळ घालते. कधी हाच त्रास जेवणानंतर एक ते तीन तासांनी, साखर अचानक उतरल्याने होतो. बाईंच्या बाबतीत ते घाबरवण्यावर निभावले. दरवेळी इतक्यावर निभावेल असे नाही.

कोणाला सांगितलेच पाहिजे

प्रत्येक डॉक्टरला, दरवेळी, न विचारताही. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणणे आपल्याकडे नित्याचे आहे. बायपास झालेल्या माणसाला या गोळ्यांनी जठर-आतड्याच्या जोडाशी व्रण होऊ शकतो आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये; मात्र ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती हवी. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचे प्रमाणही वजन उतरेल तसे बदलावे लागते. ते बदलले नाही तर साखर किंवा दाब धोकादायक खाली जातो आणि वयस्कर माणूस पडतो.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. बायपास होऊन काही वर्षे लोटल्यावर पोटात अचानक तीव्र कळ आली, तर ते आतडे आत कोठे तरी अडकल्याचे लक्षण असू शकते. ज्या डॉक्टरला पूर्वेतिहास माहीत नाही तो पित्त म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवील, आणि इथे तर तासांचा हिशेब असतो. दुसरी गोष्ट सतत होणाऱ्या उलट्यांची. शस्त्रक्रियेनंतर अन्न ठरत नसेल तर शरीरातला ब१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो. अशा रुग्णाला ब१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले, तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. घरचे लोक ती वयावर ढकलून मोकळे होतात.

डॉक्टरांनी रुग्णाची गोष्ट बाहेर फोडू नये, हा त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे. तेव्हा तिथे संकोचाचे कारण नाही. नातेवाईक उभे असतील तर 'मला एकट्याने बोलायचे आहे' असे म्हणावे.

घरात जो स्वयंपाक करतो आणि जो रात्री सोबत असतो, त्याला माहिती हवी. सुनेला न सांगता 'मला भूक नाही' म्हणत राहिलात तर तिला वाटणार, तिच्या हाताला चव नाही. किती घरांत यावरून अबोला धरला गेला असेल! आयुष्यभर घ्यायच्या ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने करायच्या रक्ततपासण्या यांची आठवणही कोणाला तरी हवी.

विम्याच्या अर्जात शस्त्रक्रियेविषयी विचारलेले असते. तिथे लपवाछपवी केल्यास पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. आरोग्यविम्याच्या नियमांत ही शस्त्रक्रिया विशिष्ट अटींवर बसते: बॉडी मास इंडेक्स ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि जोडीला हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असा गंभीर आजार. विमा मुलाच्या कार्यालयामार्फत असेल, तर कागद कोणाकोणाच्या हातांतून जातील हे त्याला आधीच विचारून घ्यावे.

पाकिटात एक कार्ड असू द्यावे. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, शल्यचिकित्सकाचा फोन क्रमांक, आणि कोणती औषधे द्यायची नाहीत एवढे पुरे. आपण बेशुद्ध असू तेव्हा आपल्या वतीने बोलणारे दुसरे काही नसते.

बाकीच्यांचे काय?

शेजारी, भिशीच्या मैत्रिणी, सकाळी बागेत फिरायला येणारी मंडळी यांना सांगणे बंधनकारक नाही. परंतु न सांगणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. 'गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, त्यांच्या देखरेखीखाली उतरवलं' हे खरे उत्तर आहे आणि बहुतेकांना पुरते. 'फक्त रात्रीचं जेवण सोडलं' हे मात्र खोटे, आणि ते निरुपद्रवीही नाही. आपल्यासारखीच स्थूल आणि मधुमेही असलेली एखादी भाची ते मनावर घेते, इन्सुलिन चालू असताना उपाशी झोपते. वजन उतरले नाही की स्वतःलाच दोष देते. जो माणूस त्याच व्याधीने गांजलेला आहे त्याला खरे सांगण्याचा विचार अवश्य करावा, असे मला वाटते. त्याने शस्त्रक्रिया करावी म्हणून नव्हे, त्याने स्वतःला नालायक ठरवू नये म्हणून.

केव्हा सांगावे हेही महत्त्वाचे. शस्त्रक्रियेआधी फार जणांना सांगितले की जो तो आपला सल्ला घेऊन येतो, आणि कोणाच्या तरी दूरच्या ओळखीत काय झाले याच्या कथा ऐकून धीर खचतो. तेव्हा दोघे-तिघे पुरेत. नंतर, प्रकृती सावरल्यावर, हवे तसे वर्तुळ वाढवता येते. एकदा सांगितलेले मात्र परत घेता येत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे रोखठोक. गोष्ट आईची असेल तर ती कोणाला सांगायची हे आईनेच ठरवायचे. नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे टाकणाऱ्या मुलाचा हेतू कौतुकाचा असतो. आईला दुसऱ्या दिवशी जिन्यात अनोळखी बायकांच्या नजरा झेलाव्या लागतात. रुग्णालयातून घरी येतानाच विचारून ठेवा: "कोणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?" सर्वांचे उत्तर एकच असले म्हणजे निम्मा ताण हलका होतो. आणि उलट बाजूने, 'डॉक्टरांनाही सांगू नका' असा हट्ट रुग्णाने धरला तर तो मानू नये.

शिक्षिकाबाईंच्या घरी पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या रात्री बहीण त्यांच्या उशाशी बसून होती. 'ताईला झटका आला' असे तिने तोवर चार ठिकाणी फोन करून कळवलेही होते. पहाटे बाईंनी तिला सगळे सांगितले. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोदक खाल्लेस, पण मला सांगितलं नाहीस." शस्त्रक्रियेविषयी तिने अवाक्षर काढले नाही.

बाईंनी त्यानंतरही सोसायटीत कोणाला काही सांगितलेले नाही. तिथे त्या गुडघ्यांचेच नाव पुढे करतात, आणि ते खोटेही नाही. पुढच्या गणपतीला त्या पुन्हा बहिणीकडे गेल्या. सगळ्यांच्या पानांत मोदक वाढून झाल्यावर बहिणीने स्वयंपाकघरातून एक छोटी ताटली आणली. उरलेल्या उकडीत मिरची, जिरे आणि कोथिंबीर घालून वाफवलेल्या दोन निवगऱ्या, आणि वाटीत दही. "ताईला तिखटच आवडतं," ती पंगतीला म्हणाली आणि पुढचे पान वाढायला निघून गेली.